पहिल्या ६३ सेक्टरांची गोष्ट : एमबीआरमधून जीपीटीकडे, डेटा न हलवता

लॅबमधला जुना कॉम्प्युटर बदलायची वेळ आली की विभागात कुणीतरी हमखास म्हणतं, "डिस्क एमबीआर आहे, जीपीटी करायची तर फॉरमॅट मारावा लागेल." दुरुस्तीच्या दुकानातही हेच ऐकू येतं. मग आधीच्या दोन-तीन पीएचडीवाल्यांचा रॉ डेटा, कॅलिब्रेशनच्या फाइल्स, कुणाच्या तरी थीसिसचे सतरा ड्राफ्ट असं सगळं दुसऱ्या डिस्कवर हलवायचं, तपासायचं, परत आणायचं. दुसरी डिस्क नसेल तर काम पुढच्या सेमिस्टरवर जातं.

ते वाक्य अर्धं खरं आहे. कोणतं अर्धं, हे कळण्यासाठी १९८३ पर्यंत मागे जावं लागतं. दोन ओळींची कमांड देऊन मला मोकळं होता आलं असतं. पण कमांड का चालते हे माहीत नसेल, तर ती कुठे चालणार नाही हेही कळत नाही. आणि डेटा उडतो तो नेमका तिथे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. पार्टिशन टेबल म्हणजे डिस्कचा सातबारा. कुठून कुठपर्यंत कोणाची हद्द, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. तुमच्या फाइल्स म्हणजे शेतातलं पीक. नोंद नव्या नमुन्यात उतरवली म्हणून पीक उपटावं लागत नाही, फक्त हद्दीचे आकडे जसेच्या तसे उतरवले पाहिजेत. (चुकीच्या सातबाऱ्यामुळे किती पिढ्या कोर्टात जातात ते गावाकडच्यांना सांगायला नको. ती बाजूही पुढे येईलच.) मात्र नवी नोंद लिहायला कागदावर कोरी जागा लागते. आजची सगळी गोष्ट त्या कोऱ्या जागेची आहे.

मार्च १९८३ मध्ये आयबीएमने पीसी एक्सटी बाजारात आणला आणि त्याच्यासोबत पीसी-डॉस २.०. एक्सटीचं वैशिष्ट्य म्हणजे आत बसवलेली १० एमबीची हार्ड डिस्क. एकाच डिस्कवर एकापेक्षा जास्त ऑपरेटिंग सिस्टिम राहू शकल्या पाहिजेत, म्हणून डिस्कचे भाग पाडायची सोय हवी होती. ती सोय पहिल्या सेक्टरमध्ये ठेवली. सेक्टर ५१२ बाइटचा. त्यातले पहिले ४४६ बाइट कॉम्प्युटर सुरू होताना चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमसाठी, पुढचे ६४ बाइट चार पार्टिशनच्या नोंदींसाठी, प्रत्येकी १६ बाइट. शेवटचे दोन बाइट ओळखीच्या खुणेचे, हेक्साडेसिमलमध्ये ५५ आणि एए. हाच मास्टर बूट रेकॉर्ड, म्हणजे एमबीआर. चारच पार्टिशन का, याचं उत्तर एवढंच की चार सोळे चौसष्ट.

बायोस हा पहिला सेक्टर वाचतं आणि त्यातला प्रोग्रॅम डोळे झाकून चालवतं. हे व्हायरस लिहिणाऱ्यांच्या लवकरच लक्षात आलं. १९९० मध्ये भारतात सापडलेला 'जोशी' व्हायरस असाच एमबीआरमध्ये घुसायचा आणि ५ जानेवारीला मशीन अडवून 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप करायला लावायचा. टाइप केलं की सोडून द्यायचा. आजच्या रॅन्समवेअरच्या मानाने फारच घरगुती मागणी.

आता त्या १६ बाइटच्या नोंदीत डोकावू. एक बाइट 'इथून बूट करायचं का' याचा, एक बाइट पार्टिशनच्या प्रकाराचा. उरलेल्या जागेत पार्टिशनची हद्द दोन वेगवेगळ्या पद्धतींनी दिलेली असते. पहिली पद्धत सिलिंडर, हेड, सेक्टर अशी, डिस्कच्या प्रत्यक्ष रचनेवरून. सुरुवातीला तीन बाइट, शेवटाला तीन. दुसरी पद्धत साधी, पहिल्या सेक्टरपासून सलग मोजणी : सुरुवात कितव्या सेक्टरला आणि एकूण सेक्टर किती. या दोन आकड्यांना चार-चार बाइट, म्हणजे ३२ बिट.

३२ बिटांत मावणारे सेक्टर ४,२९,४९,६७,२९६. गुणिले ५१२ बाइट केलं की सुमारे २.२ लाख कोटी बाइट येतात. हीच ती २ टीबीची प्रसिद्ध मर्यादा. इंटरनेटवर यावर ठरलेली शेरेबाजी असते की त्या लोकांना दूरदृष्टी नव्हती. मला हे अजिबात पटत नाही. एक्सटीमध्ये असायची ती सीगेटची एसटी-४१२ डिस्क घ्या : ३०६ सिलिंडर, ४ हेड, दर ट्रॅकला १७ सेक्टर, एकूण २०,८०८ सेक्टर. ज्यांच्या हातात वीस हजार सेक्टरची डिस्क होती त्यांनी त्याच्या दोन लाख पट मोठ्या डिस्कची सोय करून ठेवली, आणि ती २७ वर्षं पुरली. तुमच्या प्रयोगातलं कोणतं उपकरण दोन लाख पट रेंज देतं?

अडचण आधी आली ती दुसऱ्याच जागी, सिलिंडर-हेड-सेक्टरच्या तीन बाइटांत. त्यांची वाटणी अशी होती : सिलिंडरला १० बिट, हेडला ८, सेक्टरला ६. बायोसची हद्द आणि डिस्कच्या आयडीई जोडणीची हद्द यांतली लहान-लहान घेतली की १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर उरायचे. म्हणजे ५२८ एमबी. नव्वदच्या दशकाच्या मध्यात लोक या भिंतीला धडकले. मग बायोसने खोटे आकडे सांगायला सुरुवात केली. डिस्कमध्ये प्रत्यक्ष चारच हेड असले तरी २५५ आहेत असं सांगायचं, तेव्हा ८.४ जीबीपर्यंत मजल गेली. दशक संपता संपता तीही भिंत आली आणि सगळ्यांनी सलग मोजणीचाच आधार घेतला. सिलिंडर-हेड-सेक्टरचे आकडे नोंदीत राहिले, पण नावापुरते.

पण एक सवय मागे राहिली, आणि आपल्या कामाची तीच आहे. सेक्टरची मोजणी शून्यापासून होत नसे, एकपासून होई. सहा बिटांत जास्तीत जास्त ६३. म्हणून बायोसच्या हिशोबात एका ट्रॅकवर ६३ सेक्टर. डॉसच्या काळापासून पद्धत अशी की पार्टिशन ट्रॅकच्या सुरुवातीपासूनच सुरू करायचं. पहिल्या ट्रॅकच्या पहिल्या सेक्टरमध्ये एमबीआर, मग पहिलं पार्टिशन थेट दुसऱ्या ट्रॅकवर, म्हणजे सेक्टर क्रमांक ६३ वर. मधले १ ते ६२ हे सेक्टर रिकामे. १० एमबीच्या डिस्कवर हा ट्रॅक १७ सेक्टरांचाच होता, म्हणजे रिकामे फक्त १६. पुढे डिस्क वाढल्या आणि ही गल्ली ६२ सेक्टरांची झाली.

शेपटाकडेही तसंच. पार्टिशन सिलिंडरच्या शेवटी संपवायची पद्धत होती. २५५ गुणिले ६३, म्हणजे १६,०६५ सेक्टरांचा एक सिलिंडर. डिस्कवरचे एकूण सेक्टर काही याच्या पटीत नसतात. २ टीबीच्या डिस्कवर ३,९०,७०,२९,१६८ सेक्टर असतात. त्यात पूर्ण सिलिंडर बसतात २,४३,२०१ आणि उरतात ५,१०३ सेक्टर. कुणाच्याच नावावर नसलेले.

तेव्हा डिस्कच्या दोन्ही टोकांना थोडी पडीक जमीन तयार झाली, तीही जुन्या फॉरमॅटच्या मर्यादेमुळेच. कुणी ती मुद्दाम राखली नव्हती.

पडीक जमीन दिसली की अतिक्रमण होतंच. 'स्टोन्ड' नावाचा १९८७ चा व्हायरस मूळ एमबीआर उचलून याच गल्लीत, पहिल्या ट्रॅकच्या सातव्या सेक्टरवर ठेवायचा. लिनक्सचा ग्रब हा बूटलोडर ४४६ बाइटांत मावत नाही, म्हणून त्याचा पुढचा भाग इथेच राहायला आला. काही व्यावसायिक सॉफ्टवेअरं लायसन्सची खूण या गल्लीत लपवून ठेवायची. लॅबच्या मशीनवर हे शेवटचं विशेष लक्षात ठेवा. उपकरणासोबत आलेलं महागडं सॉफ्टवेअर असेल आणि त्याची खूण तिथे असेल, तर रूपांतरानंतर डेटा शाबूत राहील पण सॉफ्टवेअर लायसन्स मागत बसेल.

आता दुसरं टोक. नव्वदच्या दशकात इंटेल आणि एचपी मिळून इटॅनियम प्रोसेसर बनवत होते. मोठ्या सर्व्हरसाठीची ही मशिनं सुरू करायला १६ बिटांचं, १ एमबी मेमरीपलीकडे न बघणारं बायोस चालणार नव्हतं. १९९८ मध्ये इंटेलने त्यासाठी वेगळा प्रकल्प हाती घेतला. त्याचं नाव पुढे ईएफआय झालं, आणि २००५ मध्ये तो अनेक कंपन्यांच्या मिळून बनलेल्या यूईएफआय फोरमकडे गेला. या ईएफआयच्या पोटातच नवं पार्टिशन टेबल होतं : जीयूआयडी पार्टिशन टेबल, जीपीटी.

त्याची मांडणी बघा, कारण हिशोब इथेच लागतो. सेक्टर ० वर एक दिखाऊ एमबीआर. त्यात एकच नोंद, प्रकार 'ईई', आणि ती सांगते की अख्खी डिस्क भरलेली आहे. जीपीटी न कळणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरने डिस्क कोरी समजून त्यावर पार्टिशन पाडायला घेऊ नये म्हणून ही पाटी. सेक्टर १ वर जीपीटीचं शीर्षक. सेक्टर २ ते ३३ मध्ये नोंदी : १२८ नोंदी, प्रत्येकी १२८ बाइट, म्हणजे १६,३८४ बाइट, बरोबर ३२ सेक्टर. या सगळ्याची एक प्रत डिस्कच्या शेवटच्या ३३ सेक्टरांत. शीर्षक आणि नोंदी दोन्हींचा सीआरसी-३२ चेकसम लिहिलेला, म्हणजे एखादा बिट बिघडला तर कळतं आणि दुसरी प्रत वापरता येते. एमबीआरमध्ये अशी कोणतीच तपासणी नव्हती. सेक्टरचे आकडे ६४ बिटांचे. शिवाय प्रत्येक पार्टिशनला युनिकोडमध्ये ३६ अक्षरांपर्यंत नाव देता येतं. 'जुना एक्सआरडी डेटा' असं देवनागरीत लिहिलंत तरी चालतं, फक्त काना-मात्रा वेगळे मोजले जातात.

आता बेरीज करा. पुढच्या टोकाला जीपीटीला सेक्टर ० ते ३३ हवेत. जुन्या डिस्कवर पहिलं पार्टिशन ६३ ला सुरू होतं. बसलं! मागच्या टोकाला ३३ सेक्टर हवेत, आपल्या २ टीबीच्या डिस्कवर ५,१०३ रिकामे आहेत. बसलं. व्हिस्टापासून विंडोज पहिलं पार्टिशन २०४८ व्या सेक्टरला, म्हणजे बरोबर १ एमबीवर सुरू करतं, तिथे पुढच्या टोकाची चिंताच नाही. पार्टिशनची सुरुवात आणि लांबी तीच ठेवायची, फक्त नवी नोंद रिकाम्या जागेत लिहायची. आतल्या फाइल सिस्टिमचा एक बाइटही हलत नाही. अर्ध्या टीबीची डिस्क असो की दोन टीबीची, प्रत्यक्षात लिहिले जातात ते सेक्टर शंभराच्याही आत. काही सेकंदांचं काम.

हेच काम करणारं जीडिस्क हे साधन रॉडरिक स्मिथ यांनी २००९ मध्ये लिहायला घेतलं. एमबीआर डिस्क त्याला दिली की ते नोंदी वाचतं आणि मेमरीत त्यांचं जीपीटी करून दाखवतं. तुम्ही लिहायचा आदेश देईपर्यंत डिस्कवर काहीच होत नाही. संशोधनाची सवय लावून घेणाऱ्यांनी हे साधन एकदा तरी नुसतं बघण्यासाठी उघडावं. १९८७ मध्ये डॉस ३.३ सोबत वापरात आलेली एक्स्टेंडेड पार्टिशनची जुगाडू साखळीही (चौथ्या नोंदीत आणखी एक टेबल, त्याच्यात पुढचं टेबल) ते उलगडतं आणि प्रत्येक लॉजिकल पार्टिशनला जीपीटीत स्वतंत्र नोंद देतं.

मग दुकानदार 'फॉरमॅट मारावा लागेल' असं का म्हणतो? कारण विंडोजच्या डिस्कपार्टमधली रूपांतराची आज्ञा फक्त रिकाम्या डिस्कवर चालते. आधी सगळी पार्टिशनं काढा, मग रूपांतर. बरीच वर्षं विंडोजमध्ये तोच एक रस्ता होता आणि ते ज्ञान पिढ्यानपिढ्या पुढे गेलं. २०१७ मध्ये विंडोज १० च्या १७०३ या आवृत्तीसोबत मायक्रोसॉफ्टने एमबीआर-टू-जीपीटी नावाचं साधन दिलं, तेव्हा विंडोज असलेली डिस्क डेटा न घालवता बदलता येऊ लागली. २०२१ मध्ये विंडोज ११ ने यूईएफआयची अट घातल्यावर त्याची गरज एकदम सगळ्यांना पडली.

या साधनाच्या अटी वाचा, त्यात आपण वर बघितलेला इतिहास जसाच्या तसा आहे. पुढच्या टोकाला १६ केबी आणि २ सेक्टर मोकळे हवेत : ३२ नोंदींचे, एक शीर्षकाचा, एक दिखाऊ एमबीआरचा, एकूण ३४. मागे १६ केबी आणि १ सेक्टर, म्हणजे ३३. एक्स्टेंडेड पार्टिशन असेल तर नकार. प्रायमरी पार्टिशनं जास्तीत जास्त तीन, कारण बूटसाठी एक नवं ईएफआय पार्टिशन त्याला जोडावं लागू शकतं.

बूटचा हा मुद्दा वेगळा धरा. डेटा वाचणं आणि मशीन सुरू होणं या दोन भिन्न गोष्टी आहेत. नुसत्या डेटाची डिस्क असेल तर नोंद बदलली की काम झालं. पण डिस्कवर ऑपरेटिंग सिस्टिम असेल तर ती सुरू करणारा ४४६ बाइटांचा प्रोग्रॅम यूईएफआय बघतच नाही. त्याला ईएफआय पार्टिशनमधली फाइल लागते, आणि मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये लेगसीवरून यूईएफआयवर जावं लागतं. जुना बोर्ड यूईएफआय जाणत नसेल तर विंडोज जीपीटीवरून बूट होणार नाही. लिनक्सचं मात्र जमतं : ग्रबची गल्ली जीपीटीने व्यापली, म्हणून त्याच्यासाठी एक छोटं 'बायोस बूट' पार्टिशन पाडायचं. त्या पार्टिशनचा १६ बाइटांचा ओळख क्रमांक अक्षरांत वाचला तर 'हा! आय डोंट नीड ईएफआय' असं निघतं. ग्रबवाल्यांची खोडी.

प्रत्यक्ष हात लावण्याआधी कागदावर तीन आकडे लिहून घ्या : पहिल्या पार्टिशनची सुरुवात, शेवटच्या पार्टिशनचा शेवट, डिस्कचे एकूण सेक्टर. पहिला आकडा ३४ किंवा जास्त हवा. एकूण सेक्टरांपैकी शेवटचे ३३ कुणाच्याही हद्दीत नकोत. असतील तर आधी शेवटचं पार्टिशन आतल्या फाइल सिस्टिमसकट थोडं लहान करायचं, मग रूपांतर. त्या आधी पहिले ६३ सेक्टर फाइल म्हणून पेनड्राइव्हवर कॉपी करून ठेवा, जेमतेम ३२ केबी होतात. त्यात जुना सातबाराही आला आणि गल्लीत लपलेलं जे काही असेल तेही. लॉजिकल पार्टिशनं असतील तर त्यांची साखळी डिस्कभर विखुरलेली असते, म्हणून एसएफडिस्कने पूर्ण टेबलाची मजकुरात प्रत काढा. आणि महत्त्वाच्या फाइल्सची वेगळी प्रत हवीच, कारण लिहिताना वीज गेली किंवा डिस्कच म्हातारी निघाली तर या हिशोबाचा उपयोग नाही.

चौथा आकडाही लिहा, जो सगळे विसरतात : सेक्टरचा आकार. हे सांगायला २०१० मध्ये जावं लागेल.

त्या वर्षी ३ टीबीच्या डिस्क बाजारात आल्या. सेक्टर ५,८६,०५,३३,१६८. ३२ बिटांत मावतात त्याहून १,५६,५५,६५,८७२ जास्त. जुन्या ड्रायव्हरच्या मशीनवर मोजणी भरून पुन्हा शून्यापासून सुरू व्हायची आणि डिस्क फक्त ७४६ जीबी दिसायची. त्या वरच्या सेक्टरांना ५१२ ने गुणून बघा, उत्तर तेच येतं. 'डिस्क खराब आली' म्हणून परत करण्याआधी हा गुणाकार करायला हवा होता.

विंडोज एक्सपीच्या ३२ बिटांच्या आवृत्तीला जीपीटी वाचताच येत नव्हतं, आणि एक्सपी तर घरोघरी होतं, लॅबमध्ये आजही एखाद्या उपकरणाला जोडलेलं सापडतं. मग एक्स्टर्नल डिस्कच्या काही डब्यांत युक्ती केली गेली. डब्यातली चिप कॉम्प्युटरला सांगायची की सेक्टर ४०९६ बाइटचा आहे. सेक्टरांची संख्या आठपटीने घटून ७३,२५,६६,६४६ झाली, आणि ३ टीबीची डिस्क एमबीआरमध्ये आरामात बसली.

आता डबा मोडला, केबल तुटली म्हणून आतली डिस्क काढून थेट कॉम्प्युटरला जोडली तर काय होईल? नोंद म्हणते, पार्टिशन ६३ व्या सेक्टरला सुरू होतं. डब्यात असताना याचा अर्थ २,५८,०४८ वा बाइट. थेट जोडल्यावर ३२,२५६ वा. तिथे फाइल सिस्टिम नाही. विंडोज विचारतं, फॉरमॅट करायचं का? सातबारा खरा, जमीनही जागेवर, पण मोजायची साखळी बदलली. या अवस्थेत रूपांतराचं साधन चालवलं तर ते चुकीच्या हद्दी निष्ठेने नव्या नमुन्यात उतरवेल, चेकसमसकट.

अशी डिस्क समोर आली तर 'फॉरमॅट करा' ला नकार द्या. त्याच बनावटीचा चालू डबा शोधा, नाहीतर लिनक्सवर ६३ गुणिले ४०९६ हा बाइटचा आकडा देऊन पार्टिशन फक्त वाचण्यापुरतं जोडा. फाइल्स दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या, चार-पाच मोठ्या फाइल्स उघडून बघा, आणि मग ती डिस्क कोरी करून नव्याने जीपीटी करा. दुकानदाराचं वाक्य खरं ठरतं ते या डिस्कच्या बाबतीत.